प्रश्नोत्तरे : नोकरी सांभाळून पॅरालीगल होताना

या वेळी निवडलेली पाचही पत्रे एकाच विषयाची आहेत. ती लिहिणारे सगळे जण नोकरी करणारे आणि घर चालवणारे आहेत, आणि वकिलाच्या कचेरीत किंवा एखाद्या कंपनीच्या विधी विभागात कायद्याचे सहायक काम, म्हणजेच पॅरालीगलचे काम, करण्याची त्यांची इच्छा आहे. मी स्वतः वयाच्या चौतिसाव्या वर्षी एका दिवाणी वकिलांच्या कचेरीत कारकून म्हणून बसले, काम करता करता शिकले आणि पुढे वकिलीची सनद घेतली. त्यामुळे ही पत्रे वाचताना मला अनेक ठिकाणी माझेच दिवस आठवले. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि नावे-गावे गाळली आहेत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझे वय ३८ असून मी बी.कॉम. आहे. एका मालवाहतूक कंपनीत चौदा वर्षे बिलांचे आणि वसुलीचे काम पाहते. कायद्याच्या कामाची मला मनापासून आवड आहे. एका खासगी संस्थेने सहा महिन्यांचा ‘सर्टिफाइड पॅरालीगल’ अभ्यासक्रम आणि त्यानंतर नोकरीची शंभर टक्के हमी देऊ केली आहे. फी मात्र माझ्या अडीच महिन्यांच्या पगाराइतकी आहे. हे प्रमाणपत्र घेतल्यावर मी अधिकृत पॅरालीगल होईन का, आणि ही फी भरावी का?

उत्तर : ताई, पैसे भरण्याआधी विचारलेत हे फार बरे केलेत. भारतात पॅरालीगल या नावाचा परवाना, नोंदणी किंवा सनद अस्तित्वात नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात २००७ पासून पॅरालीगलला तिथल्या लॉ सोसायटीचा परवाना घ्यावा लागतो आणि तो मिळाल्यावर ठरावीक प्रकारच्या लहान प्रकरणांत त्याला स्वतः पक्षकाराच्या वतीने उभेही राहता येते. आपल्याकडे अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार वकिली करण्याचा हक्क केवळ वकिलांच्या यादीत नाव असलेल्या व्यक्तीला आहे. त्यामुळे ‘सर्टिफाइड’ या शब्दाचा अर्थ इतकाच, की त्या संस्थेने स्वतःचे एक प्रमाणपत्र तुम्हाला दिले. ते वाईटच असेल असे नाही, पण त्याने तुमच्या हाती कुठलाही नवा अधिकार येत नाही.

काम मात्र भरपूर आहे, फक्त ते पॅरालीगल या नावाने क्वचितच जाहीर होते. वकिलांच्या कचेऱ्या ‘लीगल असिस्टंट’ किंवा सरळ ‘क्लार्क’ शोधतात. बँका आणि गृहकर्ज देणाऱ्या संस्थांना कर्जाची आणि तारणाची कागदपत्रे तपासणारी माणसे लागतात, बांधकाम व्यावसायिकांना सातबारा, फेरफार आणि नोंदणीकृत दस्त जुळवणारी माणसे लागतात, विमा कंपन्या आणि मोठ्या कारखान्यांच्या विधी विभागांना चालू दाव्यांच्या तारखा सांभाळणारी माणसे लागतात. यांपैकी बहुतेक ठिकाणी मुलाखतीत प्रमाणपत्र एकदा पाहिले जाते आणि बाजूला ठेवले जाते, आणि नंतर एखादी फाइल पुढे सरकवून ‘यात पुढची तारीख कशासाठी आहे ते सांगा’ असे विचारले जाते. तिथे जे उत्तर देता येते त्यावर नोकरी मिळते. म्हणून त्या संस्थेला लेखी विचारा, की मागच्या तुकडीतील किती जणांना, कोणत्या पदावर आणि कोणत्या प्रकारच्या कचेरीत काम मिळाले, आणि हमी पाळली गेली नाही तर फी परत मिळेल का. उत्तर लेखी मिळत नसेल तर हमी नाही असेच समजा.

तुम्हाला पद्धतशीर अभ्यासक्रमच हवा असेल, तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची ‘डिप्लोमा इन पॅरालीगल प्रॅक्टिस’ ही दूरशिक्षणाची पदविका आहे आणि बारावी उत्तीर्ण व्यक्तीला ती करता येते. चालू सत्रात तिचे प्रवेश सुरू आहेत का, हे विद्यापीठाच्या प्रवेशाच्या पानावर पाहून घ्या. तिचा कल दुर्बल घटकांचे हक्क आणि विधी साहाय्य यांकडे अधिक आहे, कंपनीच्या करारांकडे कमी. तरीही न्यायव्यवस्थेची रचना आणि कायद्याची भाषा समजून घेण्यासाठी ती उपयोगी पडते.

आता तुमच्या पत्रातील ज्या गोष्टीकडे तुम्ही स्वतः फारसे लक्ष दिलेले दिसत नाही, तिच्याकडे वळते. चौदा वर्षे वसुली पाहिलेल्या माणसाने न वटलेले धनादेश पाहिलेले असतात. धनादेशासारख्या कागदांविषयीचा परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१, ज्याला कचेरीत सगळे ‘एन. आय. ॲक्ट’च म्हणतात, त्याच्या कलम १३८ खालील तक्रारी हे अनेक कचेऱ्यांचे रोजचे काम आहे आणि ते सगळे तारखांवर उभे असते. समजा, धनादेश न वटल्याची बँकेची सूचना ३ जूनला हाती आली. त्यानंतर ३० दिवसांच्या आत, म्हणजे ३ जुलैपर्यंत, धनादेश देणाऱ्याला लेखी मागणीची नोटीस गेली पाहिजे. ती त्याला २० जूनला मिळाली, तर पैसे देण्यासाठी त्याला १५ दिवस मिळतात आणि ते ५ जुलैला संपतात. तोवर पैसे आले नाहीत, तर ६ जुलैला तक्रारीचे कारण घडते आणि तिथून एका महिन्यात, ६ ऑगस्टपर्यंत, तक्रार दाखल व्हावी लागते. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून न्यायालयाकडे माफी मागता येते. नोटिशीचे ३० दिवस हुकले तर मात्र कायद्यात तशी सवलत नाही. मग उरतो तो धनादेशाची मुदत शिल्लक असल्यास तो पुन्हा बँकेत भरण्याचा मार्ग.

या हिशेबात बँकेच्या सूचनेची प्रत, नोटिशीची स्थळप्रत (कचेरीत ठेवलेली प्रत), टपालाची पावती आणि पोच, असे चार कागद लागतात. यांतला एखादा सापडला नाही तर वकिलाचे उत्तम इंग्रजी कामाला येत नाही. आमच्या कचेरीत यासाठी एक लांबट वही होती. तिच्या पानावर डावीकडून पक्षकाराचे नाव, सूचना मिळाल्याची तारीख, नोटीस पाठवल्याची तारीख, पोचल्याची तारीख आणि अखेरचा दिवस असे रकाने आखलेले असत, आणि अखेरच्या दिवसाच्या सात दिवस आधीची तारीख तांबड्या पेन्सिलीने शेजारी लिहिलेली असे. आज हे काम संगणकावर होते, पण रकाने तेच आहेत. तुम्ही अशी वही थकबाकीदारांसाठी चौदा वर्षे ठेवत आला आहात. अडीच महिन्यांचा पगार भरण्यापूर्वी, धनादेशांची आणि वसुलीची प्रकरणे चालवणाऱ्या एखाद्या वकिलांना भेटून, दर शनिवारी दोन-तीन तास कचेरीत बसून काम शिकू द्याल का असे विचारा. पहिले दोघे नाही म्हणतील, तरी तिसऱ्याकडे जा.

प्रश्न : मी ४५ वर्षांचा असून एका कारखान्यात पाळीप्रमुख आहे. माझी पदवी मुक्त विद्यापीठाची आहे. मला एलएल.बी. करून पुढे कंपनीच्या विधी विभागात जायचे आहे. वय आड येईल का? पत्राद्वारे एलएल.बी. करता येते अशी जाहिरात पाहिली, ती खरी आहे का? नोकरी सोडणे मला शक्य नाही.

उत्तर : जाहिरातीबद्दल आधी सांगते, कारण त्यात पैसे आणि वर्षे दोन्ही जातात. वकिलीची सनद मिळवून देणारी एलएल.बी. पत्राद्वारे किंवा दूरशिक्षणाने करता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत ती नियमित वर्गातच शिकावी लागते आणि प्रत्येक विषयाच्या तासांना किमान ७० टक्के उपस्थितीची अट आहे. त्याच नियमांनुसार वर्ग सकाळी ८ ते सायंकाळी ७ या वेळेतच घेता येतात, म्हणून रात्रीचे कॉलेज ही आपल्या मनातली जुनी कल्पना आता सोडून द्यावी लागते. सकाळच्या सत्रात वर्ग घेणारी महाविद्यालये मात्र आहेत, आणि पाळीत काम करणाऱ्या माणसाला दुपारची किंवा रात्रीची पाळी मागून घेता आली, तर तो मार्ग अवघड असला तरी बंद नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने काढलेल्या परिपत्रकानुसार, शिकत असताना नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याने ती महाविद्यालयाला कळवून मालकाचे ना हरकत प्रमाणपत्र द्यावे लागते. नोकरी लपवून प्रवेश घेणारे काही जण पुढे सनदेच्या वेळी अडकतात. तुम्ही तसे करू नका. आपल्या व्यवस्थापकांशी आधीच बोला.

वयाची चिंता करू नका, महाराष्ट्रात तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या सामायिक प्रवेश परीक्षेला कमाल वयोमर्यादा नाही. पदवीला सर्वसाधारण प्रवर्गात ४५ टक्के गुण लागतात, इतर मागासवर्गीयांना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के.

तुमच्या पत्रातील एका वाक्यापाशी मात्र मी थांबले. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते, पण ती दहावी आणि बारावी रीतसर उत्तीर्ण होऊन घेतलेली असली पाहिजे. बारावी न करता केवळ पूर्वतयारी परीक्षेच्या आधारे थेट पदवीला प्रवेश घेतला असेल, तर बार कौन्सिलच्या नियमांतील स्पष्टीकरणानुसार ती पदवी एलएल.बी.च्या प्रवेशासाठी ग्राह्य धरली जात नाही. कामाला लवकर लागलेल्या आणि मोठेपणी हट्टाने पदवी मिळवलेल्या माणसांनाच हा नियम नेमका आडवा येतो, याचे मला नेहमी वाईट वाटते. पण फॉर्म भरून, परीक्षा देऊन, यादीत नाव लागल्यावर कागदपत्रांच्या छाननीत हे कळण्यापेक्षा आज कळलेले बरे. तुमच्याकडे बारावीचे प्रमाणपत्र असेल तर निश्चिंत राहा.

सनद तुम्हाला हवीच आहे का, याचाही विचार करा. पूर्ण वेळ पगारी नोकरी करणाऱ्या व्यक्तीला बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिली करता येत नाही. तुम्हाला पगारावरच विधी विभागात राहायचे असेल, तर पदवी पुरेशी आहे. उद्या निवृत्तीनंतर वकिली करावीशी वाटली, तर तेव्हा नोंदणी करून अखिल भारतीय बार परीक्षा देता येईल. नोंदणीचे शुल्क आता आवाक्यात आले आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केले, की कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० रुपयांपेक्षा आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराकडून १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही.

आणि एलएल.बी. जमलीच नाही, तर विधी महाविद्यालयांत चालणारी कामगार कायदे व कामगार कल्याण यांची एक वर्षाची पदविका पाहा. पाळीप्रमुख म्हणून हजेरीपट, जादा काम, आरोपपत्र आणि खातेनिहाय चौकशी हे शब्द तुमच्या रोजच्या वापरातले आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे सध्या प्रत्येक कारखान्याच्या विधी आणि मनुष्यबळ विभागाला जुना नियम कुठे गेला आणि नवा कुठे आला हे सांगणारे माणूस हवे आहे. कारखान्याच्या आतून आलेला माणूस हे काम बाहेरच्या पदवीधरापेक्षा चांगले करतो, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : मी ४१ वर्षांची आहे, पतसंस्थेत नोकरी करते, दोन मुले शाळेत आहेत. पॅरालीगलची दूरशिक्षण पदविका करायचे ठरवले आहे. शिक्षण मराठीतून झाल्यामुळे कायद्याची इंग्रजी पुस्तके उघडली की धडकी भरते. रोज किती वेळ द्यावा आणि नेमके काय वाचावे?

उत्तर : आधी वेळेचा हिशेब करू. मुक्त विद्यापीठाचा एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरला जातो. एका वर्षाच्या पदविकेचे साधारणपणे ३२ श्रेयांक असतात, म्हणजे ९६० तास. वर्षभरात संपवायची म्हटली तर आठवड्याला साडेअठरा तास लागतात, आणि नोकरी, स्वयंपाक आणि मुलांचे गृहपाठ यांतून ते रोज निघणे कठीण आहे. त्यामुळे होणारी ओढाताण ही तुमची कमतरता समजू नका, तो गणिताचा भाग आहे. अशा अभ्यासक्रमांची कमाल मुदत वर्षापेक्षा बरीच जास्त असते. पहिल्या दिवसापासूनच दोन वर्षांचा बेत करा, म्हणजे आठवड्याला सव्वानऊ तास पुरतात. मी सकाळी पाच ते सहा वाचत असे आणि रविवारी दुपारी तीन तास लिहीत असे. वाचण्याची आणि लिहिण्याची वेळ वेगळी ठेवली, तरच लिहिणे होते.

इंग्रजीची भीती थोडी वेगळ्या बाजूने पाहा. उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांची भाषा इंग्रजी आहे, पण महाराष्ट्रातील तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे, आणि तिथल्या रोजच्या कामात दावा, कैफियत, म्हणणे, पुरसिस (न्यायालयाला दिलेले लेखी निवेदन), दरखास्त, रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झाले त्याची न्यायालयातील नोंद), निशाणी, नक्कल हेच शब्द चालतात. इंग्रजी माध्यमात शिकलेले तरुण वकील सुरुवातीला याच शब्दांपाशी अडखळतात. तुम्ही दोन रकान्यांची एक वही करा. एकीकडे पुस्तकातला इंग्रजी शब्द देवनागरीत, जसे ‘रिटन स्टेटमेंट’, आणि दुसरीकडे कोर्टात बोलला जाणारा शब्द, कैफियत, म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर. ‘एक्झिक्युशन’समोर दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज), ‘एक्झिबिट’समोर निशाणी (प्रकरणातल्या कागदाला दिलेला क्रमांक), ‘सर्टिफाइड कॉपी’समोर नक्कल. दीडशे शब्द झाले की पुस्तक पूर्वीइतके परके वाटत नाही.

वाचायचे काय, तर गाइड मागाहून आणि मूळ कायदा आधी. मुदतीचा कायदा, १९६३ हा छोटा आहे, त्यापासून सुरुवात करा. उसने दिलेले पैसे वसूल करण्यासाठी साधारणतः तीन वर्षे, मालकी हक्काच्या आधारे स्थावर मिळकतीचा ताबा मागण्यासाठी बारा वर्षे, अशा मुदती त्याच्या परिशिष्टात दिल्या आहेत. पण खरा अभ्यास त्याच्या सुरुवातीच्या कलमांत आहे. मुदत मोजताना पहिला दिवस वगळायचा, शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल तर ते उघडेल त्या दिवशी दाखल करता येते, आणि अपिलासाठी निकालाची नक्कल मिळवण्यात गेलेला आवश्यक वेळ मुदतीतून वजा होतो. कधी एखादी नक्कल हातात घेऊन तिचे शेवटचे पान उलटून पाहा. अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली आणि कधी दिली या तारखा तिथे शिक्क्यावर शाईने भरलेल्या असतात. मी पहिल्या वर्षी त्या शिक्क्याकडे शोभेची वस्तू म्हणून पाहत होते. अपिलाची मुदत त्यावरून मोजतात हे कळल्यावर पुस्तकातले कलम १२ मला पुन्हा पाठ करावे लागले नाही. कलम वाचताना ‘परंतु’ या शब्दाने सुरू होणारा मजकूर कधीच सोडू नका. आधी दिलेला नियम कायदा तिथे मागे घेत असतो.

जुनी पुस्तके घेताना फार काळजी घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेऐवजी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि १८७२ च्या पुरावा कायद्याऐवजी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे. आपल्या बोलण्यात रुळलेले आकडे बदलले आहेत. खुनाचे ३०२ आता १०३ झाले आहे, फसवणुकीचे ४२० आता ३१८ मध्ये गेले आहे, आणि पोटगीसाठीचे १२५ आता १४४ आहे. तरी जुने आकडे विसरूनही चालणार नाही, कारण त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्या दंड संहितेखालीच चालू आहेत.

महिन्यातून एक रजा कोर्टासाठी ठेवा. न्यायदान खुल्या न्यायालयात होते, मागच्या बाकावर शांत बसायला कोणाची परवानगी लागत नाही. सकाळी बाहेर लावलेला बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, पाहा, त्यातली एक दिवाणी बाब निवडा आणि तिचा पुकारा होईपर्यंत थांबा. घरी आल्यावर ई-कोर्ट्स या न्यायालयीन प्रकरणांची माहिती देणाऱ्या ॲपवर त्याच प्रकरणाचा सोळा अक्षरांकांचा सी. एन. आर. क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, शोधून मागच्या सगळ्या तारखा क्रमाने लिहून काढा आणि प्रत्येक तारखेला काय व्हायचे होते आणि काय झाले ते समोर लिहा. असे दहा दावे लिहून झाले, की मुलाखतीत दाखवायला तुमच्याकडे पदविकेच्या कागदाखेरीज आणखी काहीतरी असेल.

प्रश्न : जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात ‘पॅरा लीगल व्हॉलंटिअर’ नेमतात असे ऐकले. ही सरकारी नोकरी आहे का?

उत्तर : नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २००९ च्या योजनेखाली नेमले जाणारे हे विधी स्वयंसेवक असतात. त्यांना प्रशिक्षण मिळते आणि काम केलेल्या दिवसांचे मानधन मिळते, पगार किंवा कायम होण्याचा हक्क मिळत नाही. पण शिकणाऱ्या माणसासाठी ही फार मोलाची जागा आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, कोठडीतील व्यक्ती अशा अनेकांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि तो माहीत नसलेली माणसे टेबलासमोर येऊन बसतात तेव्हा त्यांचे म्हणणे ऐकून अर्जात कसे मांडायचे हे तिथे शिकता येते. आपल्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातील प्राधिकरणाच्या कार्यालयात चौकशी करा. नोकरी सोडून मात्र जाऊ नका.

प्रश्न : मी ३३ वर्षांचा आहे. सकाळी एका दुकानात हिशेब लिहितो आणि दोन वर्षांपासून संध्याकाळी एका वकीलसाहेबांच्या कचेरीत कारकुनी करतो, शिवाय पदविकाही करतो आहे. आता नातेवाईक मला ‘वकील’ म्हणू लागले आहेत. एका काकांनी शेजाऱ्याला नोटीस लिहून दे, पैसे देतो, असा आग्रह धरला आहे. दुसरे एक जण साहेबांकडच्या एका दाव्यात काय चालले आहे ते विचारतात. मी काय करावे?

उत्तर : दोन्ही गोष्टींना नम्रपणे नाही म्हणा, आणि का ते समजून घ्या, म्हणजे नाही म्हणताना आवाज कापणार नाही. काकांनी स्वतःच्या सहीने शेजाऱ्याला पत्र लिहायला कोणाचीच हरकत नाही. पण तुम्ही पैसे घेऊन कायदेशीर सल्ला देणे आणि वकिलासारखी नोटीस देणे ही वेगळी गोष्ट आहे. सनद नसताना वकिली करण्याची मनाई केवळ कोर्टात उभे राहण्यापुरती नाही असेच समजून वागा. हक्क नसताना न्यायालयात वा प्राधिकाऱ्यापुढे वकिली केल्यास अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. वकीलसाहेबांच्या कोऱ्या लेटरहेडवर त्यांच्या नकळत काही छापणे तर कधीही नको, मग ते मदत म्हणून का असेना.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल, पक्षकाराने वकिलाला सांगितलेली गोष्ट गुप्त राखण्याचे बंधन फक्त वकिलावर आहे असा बऱ्याच कारकुनांचा समज असतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये हे बंधन वकिलाच्या कारकुनांना आणि कर्मचाऱ्यांनाही लागू असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. १८७२ च्या कायद्यातही ते होते. दाव्याची पुढची तारीख ई-कोर्ट्सवर कोणालाही दिसते. ती पाहण्याची रीत तुम्ही त्या गृहस्थांना दाखवू शकता. फाइलमध्ये काय आहे, पक्षकार तडजोडीला तयार आहे का, साक्षीला कोण येणार, यातला एक शब्दही कचेरीबाहेर जाता कामा नये.

मर्यादा ओलांडण्याचा याहून साधा दिसणारा एक प्रकार असतो आणि तो माझ्या हातून घडला आहे. कारकुनीच्या तिसऱ्या वर्षी एका वादीचा संध्याकाळी फोन आला, की उद्या उलटतपासणीला येऊ का. साहेब कोर्टातून परतले नव्हते. मागच्या तीन तारखांना समोरच्या वकिलांनी मुदत घेतली होती, म्हणून मी सांगितले, ‘उद्या काही होणार नाही, तुम्ही नका येऊ.’ दुसऱ्या दिवशी समोरचे वकील तयारीनिशी आले, वादी गैरहजर होता, आणि न्यायालयाने वादीचा पुरावा बंद केल्याचा हुकूम केला. साहेबांना तो रद्द करून घेण्यासाठी अर्ज द्यावा लागला. तो मंजूर झाला, पण खर्च भरण्याच्या अटीवर, आणि ती रक्कम त्या वादीने भरली. चूक माझी होती. साहेब मला रागावले नाहीत. त्यांनी फक्त रोजनाम्याची नक्कल काढायला मलाच पाठवले आणि ती मोठ्याने वाचायला सांगितली. ‘वादी पुकारूनही गैरहजर’ हे शब्द वाचताना मला समजले, की मी दिलेली माहिती ही माहिती नव्हती, तो सल्ला होता.

तेव्हापासून फोनवर मी एकच वाक्य बोलत असे : तारीख अमुक आहे, कामासाठी अमुक नेमले आहे, यायचे की नाही ते साहेबांना विचारून पंधरा मिनिटांत कळवते. तुम्हीही तसेच करा, आणि पंधरा मिनिटे म्हटली तर सोळाव्या मिनिटाला फोन झालेला असू द्या. काकांना उद्या संध्याकाळी कचेरीत बोलवा. येताना हद्दीचा वाद असेल तर सातबारा आणि मोजणीचा नकाशा, पैशाचा असेल तर जे काही लिहून दिले-घेतले असेल ते, असे सगळे मूळ कागद आणायला सांगा. ते तारखेच्या क्रमाने लावून, वर एका कागदावर कोणत्या दिवशी काय घडले ते दहा-बारा ओळींत लिहून, फाइल साहेबांपुढे ठेवा. काकांकडे फी देण्याइतके पैसे नसतील, तर तीच फाइल घेऊन त्यांना तालुका विधी सेवा समितीकडे न्या.